उलटा जप

२० डिसेंबर २००२ च्या रात्री अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने 'फायरफ्लाय' या विज्ञानमालिकेचा पहिला भाग दाखवला. मालिका सुरू होऊन तोवर तीन महिने झाले होते आणि ती गुंडाळायचंही ठरून गेलं होतं. दोन तासांचा हा पहिला भाग वाहिनीच्या साहेबलोकांना काही पसंत पडला नव्हता. मग मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन आणि त्याचा सहकारी टिम मिनियर यांनी एका शनिवार-रविवारात नवा भाग लिहून दिला आणि २० सप्टेंबरला नारळ त्यावर फुटला. पुढचे भागही असेच मागेपुढे करून दाखवले गेले. तयार झालेल्या चौदा भागांपैकी तीन तर दाखवलेच नाहीत. शेफर्ड बुक हा पांढऱ्या केसांचा पाद्री 'सेरेनिटी' या मालवाहू जहाजावर पहिल्यांदा पाऊल ठेवतो, ते दृश्य प्रेक्षकांना अगदी शेवटी दिसलं ते असं. ज्याला तीन महिने ओळखत होते, त्याची ओळख निरोपाच्या दिवशी करून दिली गेली.

वाहिनीने हा घोळ अडाणीपणाने घातला. आठ वर्षांनी त्याच पाद्र्याबद्दल एक कॉमिक आलं आणि त्याने हाच उलटा क्रम पूर्ण शुद्धीत वापरला. डार्क हॉर्स प्रकाशनाचं 'द शेफर्ड्स टेल' (२०१०) हे पुस्तक जेमतेम छप्पन्न पानांचं, पुठ्ठा बांधणीचं. कथा जॉस व्हीडन आणि त्याचा धाकटा सावत्र भाऊ झॅक व्हीडन यांची, चित्रं ख्रिस सॅमनीची, रंग डेव्ह स्टुअर्टचे. गोष्ट बुकच्या मरणापासून सुरू होते आणि पान उलटेल तसतशी मागे मागे जाते. शेवटच्या पानांवर एक लहान मुलगा उरतो.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. आजपासून पाचेकशे वर्षांनंतरचा काळ. माणसांनी पृथ्वी सोडून दुसऱ्या सूर्यमालेत घर केलंय. मधल्या श्रीमंत ग्रहांवर अलायन्सची सत्ता आहे. कडेच्या ग्रह-उपग्रहांवर धूळ, गुरं, घोडे आणि बंदुका. कडेच्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी लढाई केली आणि ते हरले. हरलेल्या बाजूचा एक सार्जंट, मॅल्कम रेनॉल्ड्स ऊर्फ मॅल, एक जुनं जहाज घेतो, ज्या खोऱ्यात आपण हरलो त्या खोऱ्याचं नाव जहाजाला देतो, आणि मिळेल ते काम करत फिरतो. जहाजावर नऊ माणसं. त्यांतला एक शेफर्ड बुक. शेफर्ड ही त्या जगातली धर्मोपदेशकाची पदवी.

बुकची भूमिका केली रॉन ग्लास या नटाने. अमेरिकेतले जुने प्रेक्षक त्याला 'बार्नी मिलर' या विनोदी मालिकेतला टापटीप डिटेक्टिव्ह म्हणून ओळखत. स्वतः बौद्ध असलेला हा गृहस्थ इथे ख्रिस्ती पाद्री झाला, आणि त्याची प्रार्थना लिहिणारा व्हीडन तर उघड नास्तिक. पण मालिकेतल्या श्रद्धेच्या जागा मुळीच टिंगलीच्या नाहीत. पहिल्याच रात्री सगळे जेवायला बसतात, बुक विचारतो, प्रार्थना म्हटली तर चालेल ना? मॅल म्हणतो, मोठ्याने म्हणणार असाल तरच हरकत आहे. बुक मान खाली घालून मनातल्या मनात म्हणतो. याच भागाच्या सुरुवातीला आपण मॅलला रणांगणावर गळ्यातल्या क्रॉसचं चुंबन घेताना पाहिलेलं असतं. युद्धात त्याचा देव गेला. एका टेबलावर एक देव हरवलेला माणूस आणि एक देव सापडलेला माणूस, मध्ये भाजीची थाळी. ही जागा लक्षात ठेवायची, कारण कॉमिकचा खरा घाव इथे बसतो.

बुकचं गूढ मालिकेने मोठ्या मजेने वाढवलं. हा मठातून आलेला सद्गृहस्थ. जहाजाची इंजिनिअर केली हिला तो भाडं म्हणून पैशांबरोबर एक डबी देतो, त्यात ताज्या स्ट्रॉबेरी. कडेच्या जगात ताजं फळ म्हणजे चैनीची परमावधी. असा हा माणूस, पण गुन्हेगारांच्या टोळ्या, अलायन्सची डावपेची पद्धत, बंदुकांचे प्रकार यांतलं त्याला फार कळतं. एका भागात सगळे मॅलला सोडवायला शस्त्रं घेऊन निघतात, तर पाद्रीबुवाही बंदूक उचलतात. कुणीतरी विचारतं, धर्मग्रंथात हत्येबद्दल काही सांगितलंय ना? बुक म्हणतो, हत्येबद्दल अगदी स्पष्ट आहे, गुडघ्याच्या वाट्यांबद्दल मात्र तितकंसं नाही. आणि खरंच तो नेम धरून गुडघेच फोडतो. शेवटच्या भागात घुसलेला एक बक्षीसशिकारी त्याला एका फटक्यात आडवा करतो आणि नंतर शांतपणे म्हणतो, हा काही पाद्री नव्हे.

मग हा आहे तरी कोण? मालिका बंद पडली. डीव्हीडीच्या खपामुळे 'सेरेनिटी' (२००५) हा चित्रपट निघाला. त्यात बुक जहाज सोडून हेवन नावाच्या वस्तीवर राहतोय. तो मॅलला सावध करतो: तुझ्यामागे अलायन्स ज्या प्रकारचा माणूस पाठवेल तो घट्ट श्रद्धेचा असेल; तो मारेल आणि का मारायचं हे कधी विचारणार नाही. मॅल म्हणतो, त्या जगाबद्दल तुम्हाला एवढं कसं ठाऊक, हे कधीतरी मला सांगावं लागेल. बुक म्हणतो, नाही, नाही सांगावं लागणार. आणि खरोखर तो न सांगताच मरतो. हेवनवर हल्ला होतो, हल्ला करणारं जहाज बुक स्वतः तोफेने पाडतो, आणि मॅलच्या हातांत जीव सोडतो. शेवटचं मागणं एवढंच, की कशावर ते तू ठरव, पण विश्वास ठेव.

चित्रपटाला चारेक कोटी डॉलर खर्च आला आणि तिकिटांतून जवळपास तेवढेच आले. स्टुडिओच्या हिशेबात याला तोटाच म्हणतात. दुसरा चित्रपट निघणार नव्हता. त्यामुळे पुढचं जे काही व्हायचं ते कागदावर. दूरदर्शन मालिकेची गोष्ट कॉमिकमधून पुढे नेण्याचा हा प्रकार व्हीडनला सवयीचा होता. 'बफी' या त्याच्या गाजलेल्या मालिकेचा आठवा हंगाम २००७ पासून डार्क हॉर्सनेच कॉमिकच्या रूपात काढला होता. कागदावर जहाजं फुकट उडतात. युद्धाचा देखावा उभा करायला पडद्यावर जो पैसा लागतो, त्याची जागा शाईची बाटली घेते. पण त्यात एक खोट असते आणि ती पैशाने भरून निघत नाही. नट नसतो.

'सेरेनिटी'ची आधीची कॉमिक्स या खोटीशी झगडताना दिसतात. मालिका आणि चित्रपट यांच्यामधला काळ भरून काढणाऱ्या 'दोज लेफ्ट बिहाइंड' (२००५) मध्ये विल कॉनरॅडने प्रत्येक पात्राचा चेहरा नटाच्या फोटोशी जुळेल असा, मेहनतीने काढलाय. साम्य आहे, पण माणसं पोझ देऊन उभी असल्यासारखी वाटतात. सॅमनी या भानगडीतच पडत नाही. त्याची रेघ मोजकी, सावल्या जाड, काळ्याभोर. बुक ओळखू येतो तो मागे बांधलेल्या पांढऱ्या केसांवरून, खांद्यांच्या ठेवणीवरून. (पुढे याच सॅमनीने मार्क वेडबरोबर 'डेअरडेव्हिल' केलं आणि आयझ्नर पुरस्कार पटकावला. तिथेही अंधाराचा वापर पाहण्यासारखा आहे.)

या मोजक्या रेषेमुळे एक विलक्षण गोष्ट घडते, आणि ती फक्त मालिकेतून निघालेल्या कॉमिकमध्येच घडू शकते. पहिल्या पानांवर म्हातारा बुक बोलतो तेव्हा फुग्यातली वाक्यं आपल्याला रॉन ग्लासच्या आवाजात ऐकू येतात. तो सावकाश, किंचित खोडकर, वाक्याच्या शेवटी उबदार होणारा आवाज आपण मालिकेतून घेऊन आलेलो असतो. पानं उलटतात, बुक तरुण होत जातो, आणि आवाज विरळ होतो. अलायन्सच्या गणवेशातला करडा अधिकारी बोलतो, तेव्हा ग्लासचा आवाज त्याला बसत नाही. त्याहून तरुण हेराला तर मुळीच नाही. शेवटच्या मुलाची भूमिका कुठल्याच नटाने कधी केलेली नाही. ज्या माणसाला आपण ओळखत होतो तो कानाआड होतो, आणि आपण एका परक्यासोबत एकटे उरतो. पडद्यावर हे साधलं नसतं. तिथे तरुण बुकसाठी तरुण नट घ्यावा लागला असता आणि त्याने ग्लासची लकब उचलली असती. कॉमिकमध्ये आवाज वाचकाचा, त्यामुळे तो काढून घेण्याची सोयही वाचकाच्याच डोक्यात.

आता गोष्ट. उलट्या क्रमाने आहे, तशीच सांगतो. हेवनवरचं मरण. त्याआधी सेरेनिटीवरचे दिवस. त्याआधी मठ. मठाच्या आधी बेघरांच्या निवाऱ्यातला एक भणंग, समोर सूपाचा वाडगा. त्याआधी अलायन्सचा एक बडा अधिकारी. त्याच्या आखलेल्या मोहिमेत अलायन्सचा इतका भीषण पराभव झालाय, की त्याचेच लोक त्याला बडवून सुटकेच्या कुपीत घालून अवकाशात फेकून देतात. त्याआधी याच अधिकाऱ्याची चढती कमान आणि त्यातला क्रूरपणा. त्याच्याही आधी कळतं की हा अधिकारी मुळात अलायन्सचा नव्हेच. तो स्वातंत्र्यवाद्यांनी पेरलेला हेर. त्यासाठी त्याने स्वखुशीने आपला एक डोळा काढून त्या जागी कॅमेरा बसवून घेतला. तो पराभव हे त्याच्या हेरगिरीचं फळ. आणि डेरियल बुक हे नाव त्याचं नाही. त्या नावाचा एक खरा माणूस होता. त्याला मारून याने त्याची ओळख अंगावर चढवली. मूळ नाव हेन्री इव्हान्स. बापाच्या मारहाणीला कंटाळून घरातून पळालेला पोरगा.

हीच गोष्ट सरळ सांगितली तर काय होतं? आपल्याला ती गोष्ट पाठ आहे. वाल्या कोळी वाटमारी करतो, रांजणांत खडे टाकतो, नारदमुनी भेटतात, डोळे उघडतात, वारूळ वाढतं, आणि वारुळातून वाल्मीकी ऋषी बाहेर येतात. पाप, पश्चात्ताप, पुण्य. कीर्तनकार ही गोष्ट ज्या क्रमाने सांगतात त्या क्रमात एक गुळमुळीत दिलासा असतो: शेवट चांगला म्हणजे मागचं सगळं माफ. रांजणातले खडे कुणी मोजायला जात नाही. 'द शेफर्ड्स टेल' ऋषीपासून सुरुवात करतं आणि रांजणाकडे जातं. इथे पुण्य आपण आधी पाहतो, मान्यही करतो, या म्हाताऱ्यावर जीव जडलेला असतो. आणि मग एकेक खडा हातात दिला जातो. माफी आधी देऊन झालेली असते आणि आता परत घेता येत नाही. नाटकवाल्यांना हॅरॉल्ड पिंटरचं 'बिट्रेयल' आठवेल, सिनेमावाल्यांना नोलनचा 'मेमेंटो'. पिंटर उलटा जातो तो प्रेमातल्या फसवणुकीचं मूळ दाखवायला, नोलन प्रेक्षकाला नायकाइतकंच आंधळं करायला. व्हीडन बंधूंचा हेतू निराळा आहे. त्यांना आपल्या प्रेमाची परीक्षा घ्यायची आहे.

या परीक्षेत सगळ्यात अवघड प्रश्न नावाचा आहे. बुकने युद्धात हजारोंना मृत्यूच्या तोंडी दिलं ते वाचक पचवू शकतो. युद्ध होतं, बाजू होती, आणि बाजू आपल्या मॅलची होती. पण खऱ्या डेरियल बुकचं काय? तो कुणी सेनापती नाही. त्याचा दोष एवढाच की त्याची ओळख कामाची होती. पुस्तकात तो येतो आणि जातो, त्याला स्वतःची गोष्ट नाही, असायला वेळच मिळत नाही. मला हे क्रूर वाटलं, आणि नंतर योग्य वाटलं. कारण मालिकेत केली जेव्हा जेव्हा लाडाने "शेफर्ड बुक" अशी हाक मारते, तेव्हा ती एका मेलेल्या माणसाचं नाव घेत असते. नवा जन्म घेतलेल्या पाद्र्याने हे नाव टाकून दिलं नाही. मठात गेल्यावर नाव बदलायला कुणाची हरकत असती? कॉमिक यावर एका अक्षराने बोलत नाही. मी असं वाचतो की ते नाव हेच त्याचं प्रायश्चित्त होतं. रोज कुणीतरी हाक मारणार आणि रोज त्याला ओ द्यावी लागणार. दुसरा वाचक म्हणेल, सोय होती म्हणून ठेवलं, अलायन्सच्या दप्तरात तेच नाव होतं. दोन्ही वाचनं टिकतात.

सूपाच्या वाडग्याचं दृश्य या पुस्तकाचा कणा आहे आणि त्यावर थांबलंच पाहिजे. साक्षात्काराची दृश्यं लिहिणं हा लेखकांचा सापळा. आकाशातून उजेड, घंटानाद, गुडघे टेकलेला माणूस. इथे काय आहे? धर्मादाय निवारा, फुकटचं जेवण, वाडग्यात टक लावून बसलेला एक खलास झालेला इसम. नारद नाहीत, प्रवचन नाही, कुणी बायबल हातात देत नाही. जगातलं अगदी शेवटचं फुकट अन्न, आणि त्यात त्याला देव दिसतो. उलट्या क्रमामुळे हे दृश्य आपल्यापुढे येतं तेव्हा त्याने काय काय केलंय हे आपल्याला माहीत नसतं. एक बेघर, एवढंच. त्यामुळे त्याला लाभणारी कृपा कशाच्या बदल्यात नसते. तिच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला आपल्याजवळ पाप नसतं. सरळ क्रमात हाच वाडगा हिशेबाच्या वहीतली शेवटची ओळ झाला असता. मला वाटतं, कृपा या कल्पनेचं इतकं शुद्ध चित्र नास्तिक लेखकाच्या हातून उतरणं ही या मालिकेतली सगळ्यात गमतीची गोष्ट आहे.

आणखी एक. मालिकेत बुक कायम जेवणाशी जोडलेला आहे. स्ट्रॉबेरीची डबी, बागेतल्या भाज्या, टेबलावरची मूक प्रार्थना. तेव्हा ते निव्वळ स्वभावचित्रण वाटत होतं. कॉमिक वाचल्यावर कळतं की या माणसाला देव भेटला तोच पानावर. पान म्हणजे जेवायचं पान. आता मागे जाऊन पहिल्या भागातलं ते जेवणाचं टेबल पाहा. मॅल ज्या युद्धात देवाला मुकला, त्याच युद्धात, त्याच बाजूने, समोरचा पाद्री लढलेला आहे. नुसता लढलेला नव्हे, मॅलच्या अख्ख्या पलटणीने मिळून केलं नसेल एवढं नुकसान त्याने एकट्याने अलायन्सचं केलंय. मॅलला वाटतं, हा मधल्या जगातून आलेला, हरणं म्हणजे काय ते न कळलेला भला माणूस. खरं तर एकच लढाई हरलेले ते दोघे. एकाला तिच्यात रिकामेपण मिळालं, दुसऱ्याला त्याच रिकामेपणाच्या तळाशी सूप. बुकला मॅलचं सगळं माहीत असतं. मॅलला बुकचं काहीच नाही. तरी म्हातारा गप्प बसतो, मोठ्याने प्रार्थना करू नका म्हटल्यावर मनात करतो, आणि वाढलेलं खातो. हे कळतं ते आपल्याला, तेही दोघांतला एक मेल्यावर. मॅलला जाऊन सांगावंसं वाटतं, पण सांगायची सोय नाही.

चित्रपटातला तो इशाराही आता वेगळा ऐकू येतो. का मारायचं हे न विचारता मारणारा श्रद्धाळू माणूस: बुक शत्रूचं वर्णन करत होता असं आपण धरलं होतं. तो स्वतःचं करत होता. एका ध्येयासाठी ज्याने स्वतःचा डोळा काढून दिला, एका अनोळखी माणसाचा जीव घेतला, त्याच्याहून घट्ट श्रद्धा कुणाची? आणि मरताना त्याने मॅलकडे मागितलं ते काय, तर विश्वास. हा विरोध कॉमिकने सोडवलेला नाही. मला ते बरं वाटलं. श्रद्धेने माणूस सुधारतो असं हे पुस्तक म्हणत नाही, बिघडतो असंही नाही. एकाच माणसात ती दोनदा कशी येते, तेवढं दाखवतं.

कौतुक खूप झालं, आता तक्रारी. छप्पन्न पानांत एक अख्खं आयुष्य मावत नाही. मठ आणि सूप यांना श्वास आहे, युद्धाला नाही. ज्या पराभवावर सगळं उभं आहे तो भराभर उरकला जातो. किती जहाजं, कशासाठी, याने नेमका काय डाव टाकला, हे दोनदा वाचूनही धूसर राहतं. हेरगिरीतली वर्षं तर ओझरती. शत्रूच्या गोटात राहून रोज शत्रूसारखं वागणारा माणूस आतून कसा पोखरला जातो, यावर एक वेगळं पुस्तक होऊ शकलं असतं, आणि इथे त्याच्या वाट्याला काही चौकटी आल्या. त्यातून तो अधिकारी म्हणून जो निर्दयपणा करतो, तो सोंग होता की सोंग आता अंगात भिनलं होतं, हा प्रश्न लेखकाने चाटून सोडून दिलाय. मालिकेत याला पंचेचाळीस मिनिटांचा एक सबंध भाग मिळाला असता, आणि ग्लासने तो खाऊन टाकला असता.

बापाची मारहाण हे कारणही मला जुनं वाटतं. बिघडलेल्या माणसाच्या मागे एक दारुडा किंवा मारकुटा बाप उभा केला की लेखक मोकळा होतो. फक्त इथे उलट्या क्रमाने त्याला वाचवलं. पुस्तक मुद्दाम शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं. तेव्हा उरते एक सरधोपट हेरकथा: मार खाणारा मुलगा, भुरटा चोर, हेर, खुनी, बडतर्फ अधिकारी, भिकारी, पाद्री, हुतात्मा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे. बापाच्या थपडेपासून सगळं सुरू, म्हणजे दोष बापाचा, आपण मोकळे. छापलेल्या क्रमात मात्र थप्पड सगळ्यात शेवटी येते. तोवर निकाल देण्याची घाई करणाऱ्याने निकाल देऊन टाकलेला असतो, आणि ज्याने थोपवून धरला त्याच्यापुढे एक पोर उभं असतं, ज्याने अजून कुणाचं काहीच बिघडवलेलं नाही. पण तो कुणाला मारणार आहे, हे आपल्याला नावासकट ठाऊक आहे. थपडेचा उपयोग सबब म्हणून करता येत नाही, कारण सबब लागू होईल असं काही त्या पानावर घडलेलंच नाही.

कॉमिकची ही खास सोय आहे. चित्रपटात काळ मागे नेला तरी रीळ पुढेच धावतं. पुस्तकात डाव्या हाताखाली भविष्य आणि उजव्या हाताखाली भूतकाळ, दोन्ही एकदम चिमटीत असतात. हवं तेव्हा चार पानं मागे जाऊन, म्हणजे वीस वर्षं पुढे जाऊन, पाहता येतं की हाच खांदा पुढे कसा वाकला. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आपल्या पिढीने चित्रकथा म्हणजे पुढे काय झालं एवढ्याचसाठी वाचली. मागे उलटत वाचायचं कॉमिक हातात पडलं की जरा गडबडायला होतं, पण बोटांना सवय लवकर लागते.

चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की उत्तर द्यायलाच नको होतं, गूढ होतं तेच बरं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मालिकेतला 'सेफ' हा भाग. गुरं विकायच्या वेळी एका परग्रहावर गोळीबार होतो आणि बुकला गोळी लागते. जहाजाचा डॉक्टर नेमका बेपत्ता. मॅल नाइलाजाने अलायन्सच्या युद्धनौकेकडे जातो. तिथला अधिकारी साफ नकार देतो. मग अर्धवट शुद्धीतला बुक आपलं ओळखपत्र दाखवायला सांगतो. कार्ड यंत्रात जातं, अधिकाऱ्याचा नूर बदलतो, आणि क्षणात स्ट्रेचर, शिपाई, शस्त्रक्रिया. परत आल्यावर मॅल विचारतो, हे कसलं कार्ड? बुक म्हणतो, पाद्री लोकांना आवडतात. मॅल म्हणतो, मुळीच नाही आवडत, पाद्री समोर आला की माणसाला अपराधी वाटतं.

२००२ साली हे दृश्य पाहिलं तेव्हा उत्सुकता होती ती कार्डावर कुठला हुद्दा असेल याची. कॉमिकनंतर हुद्द्याचं कुतूहल संपतं; स्वतःच्या पराभवाचा डाग झाकून ठेवणाऱ्या सरकारने त्या माणसाची दप्तरातली इभ्रतही तशीच झाकून ठेवली असणार, असा दुवा मी जुळवतो. पण आता डोळा जातो तो हुद्द्याच्या वरच्या ओळीकडे. त्या कार्डावर डेरियल बुक असं लिहिलंय. त्या नावाच्या माणसाचा जीव ज्याने घेतला, त्याचा जीव अलायन्सच्या डॉक्टरांनी त्याच नावाखातर वाचवला, आणि स्ट्रेचरवर पडलेल्या त्या जखमी म्हाताऱ्यालाच काय ते हे माहीत होतं.